नऊ ओंजळी

आमच्या घरात मीठ टाकायच्या तीन रीती आहेत. सून पंकजा चमच्यानं टाकते, मी चिमटीनं टाकते आणि मालक ओंजळीनं. मालकांनी घरात कधी स्वयंपाक केला नाही. स्वतःपुरता चहासुद्धा नाही. पण गावच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी, हजार-बाराशे माणसांची आमटी एकतीस वर्षं त्यांच्याच हातची. नाव कारभारी, पण सारं गाव त्यांना आण्णा म्हणतं.

आमचं गाव मिरजगावपासून दोन कोसांवर. काल्याच्या दिवशी घरटी पाच भाकरी मंदिरात जातात आणि मंदिरामागं चर खणून त्यावर काहील चढते. तीन डाळी, भाजलेलं खोबरं, तीळ, काळा मसाला. मालक त्याचा एक पैसा घेत नाहीत. वर्षभर शेतात राबायचं आणि तो एक दिवस राजासारखं काहिलीशेजारी उभं राहायचं, एवढीच त्यांची हौस. दुसरा शौक नाही. तंबाखूसुद्धा नाही.

गेल्याच्या आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्यांचं पोट दुखायला लागलं. नगरला तपासण्या झाल्या. आतड्यात गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टरांनी लपवलं नाही. आमचा मुलगा आदिनाथ टेम्पो चालवतो, बोलायला रोखठोक; त्यानंही लपवलं नाही. ऑपरेशन झालं, गाठ काढली. मग डॉक्टर म्हणाले, आता सलाईनमधून औषधाचे आठ डोस द्यायचे, तीन तीन आठवड्यांनी. आठही पुरे झाले तर चांगली आशा आहे, मध्येच सोडू नका.

मालक म्हणाले, "आठ काय, धा घेतो."

पहिला डोस झाला तेव्हा त्यांनी नर्सबाईला आमटीची कृती सांगितली. दुसऱ्याला शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बैलांवरून वाद घातला. तिसऱ्यानंतर मात्र माणूस बसला. हातापायाला मुंग्या. गार पाण्याला बोट लागलं तरी विंचू चावल्यासारखे हात मागं घ्यायचे. आणि तोंडाची चव गेली. भाकरी माती लागायची, दूध लोखंड लागायचं. मी शेंगदाण्याची चटणी केली, पंकजानं खीर केली, शेजारणीनं धिरडी दिली. सगळ्याला एकच शब्द, "माती."

मग ते भिंतीकडं तोंड करून पडायला लागले.

खाजाभाई रोज दुपारी गिरणी बंद करून यायचे. खाजाभाई म्हणजे मालकांचे लहानपणापासूनचे दोस्त. काहिलीखालचा जाळ एकतीस वर्षं त्यांचाच. मालक कुणाला चुलाणात लाकूड सारू देत नाहीत, एका खाजाभाईंशिवाय. ते खाटेच्या कडेला बसायचे, अंगावर पीठ तसंच.

"कारभारी, उठ. भिंतीवर काय सिनेमा लागलाय व्हय?"

"जा घरी, खाज्या."

"जातो. पन वहिनी च्या ठिवती हाय, त्यो पिऊन जातो. तुला कुठं चव हाय, तुझाबी मीच पितो."

एरवी ह्या बोलण्यावर मालकांनी चप्पल फेकून मारली असती. आता ते नुसते पडून राहिले. खाजाभाई खरंच दोन्ही कप प्यायले आणि जाताना ओट्यावर अंगावरचं पीठ झटकत उभे राहिले.

त्याच दिवशी संध्याकाळी मालक म्हणाले, "चांगुणा, आदिनाथला सांग. सोमवारी मी नगरला येत न्हाई."

"का?"

"तीन झालं तेवढं बास. चव गेल्याव जगून काय करायचं? गोठ्यातली म्हस तरी पेंड चवीनं खाती."

पंकजानं तीन वर्षांपूर्वी मला अक्षरं शिकवली, तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. म्हैस कधी फळली, गॅस कधी आला. सोमवारच्या चौकटीत मी 'डोस ४' लिहिलं होतं. त्याच्या आदल्या दिवशीच्या, रविवारच्या चौकटीत लिहिलं होतं, 'काला'. मी दोन्हीकडं बघत बसले. आदिनाथ आला, त्यानं समजावलं, मग ओरडला, मग बाहेर जाऊन टेम्पोची काच पुसत बसला. पंकजा रडली. मालक भिंतीकडं तोंड करून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत आला. तो सप्ताह कमिटीचा. चांगला मुलगा, पण बोलताना आधी खाकरतो, मग सांगतो.

"आण्णा, बरं हाय का? काय न्हाई, इचारायला आलो. औंदा तुमाला तरास नको म्हनून आमी मिरजगावच्या केटररला सांगायचं ठरिवलंय. आमटी, जिलबी, मसालेभात, समदं त्योच करनार."

खाटेवर हालचाल झाली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा माणूस भिंतीकडून आमच्याकडं वळला.

"कोन करनार?"

"केटरर."

"आमटी?"

"व्हय. लई भारी करत्यात म्हनं. मशीन हाय त्यांच्याकडं, घोटायचं."

मालक उठून बसले. अंगात बंडी लोंबत होती. "मशीननं? काल्याची आमटी? भागवत, तुझ्या बारशाला कोनाची आमटी हुती रं?"

"तुमची."

"तुझ्या लग्नाला?"

"तुमचीच, आण्णा. पन तुमची तब्येत…"

"तब्येत माझी मी बघतो. तू लाकडं बघ. बाभळीची आन, सुबाभळीची न्हाई. आन मिठाच्या तीन पुड्या."

भागवत गेला. मालक थोडा वेळ ताठ बसले. मग त्यांचे खांदे खाली आले. "बोलून तर बसलो," ते हळू म्हणाले. "पन तोंडाला चव न्हाई, चांगुणा. आमटी जमली का न्हाई, मला कसं कळंल?"

मला हसू आलं. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"अवं, तुमी कधी चाखलीय?"

"आं?"

"एकतीस वर्सं आमटी करताय. काहिलीजवळ कधी थेंब तरी जिभंला लावलाय?"

ते माझ्याकडं बघत राहिले. भैरवनाथाला नैवेद्य दाखवेपर्यंत आमटी कुणी चाखायची नाही, उष्टी होते. ही गावची रीत. मालक सगळं डोळ्यानं, कानानं आणि हातानं करतात. तवंग कसा फुटतो ते बघायचं, उकळीचा आवाज ऐकायचा, डाव ओढताना हाताला जड लागतो की हलका ते ओळखायचं. आणि मीठ सात ओंजळी. कमी नाही, जास्त नाही. जीभ त्या कामात कधी नव्हतीच.

"आयला," मालक म्हणाले. "खरंच की."

मग पाय खाटेखाली सोडून म्हणाले, "ऐक. आमटी जमली तर सोमवारी नगरला येतो. न्हाई जमली तर मला कुनी काय बोलायचं न्हाई. देवानं सांगितलं समजायचं."

"देवाला कशाला मदी घेता?"

"ठरलं."

मला ते ठरलेलं अजिबात आवडलं नाही. पण माणूस बसलेला होता, आणि बसून त्यानं कपभर ताक मागितलं. मी ताक दिलं, जरा कोमट करून.

आदिनाथनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गर्दीत नको, धुरात नको, मास्क लावा, खुर्चीवर बसा आणि स्वतः काही उचलू नका. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोलू तरी का?" डॉक्टर फोनवर हसलेलं मला ऐकू आलं.

पुढचे चार दिवस घर बदललं. मालक खाटेवरून हुकूम सोडायचे. पंकजानं तीळ भाजले तर म्हणायचे, "आजून. रंग दिसंना." मसाला कांडपावरून आला तर तळहातावर घेऊन उन्हात धरून बघायचे. खाजाभाईंनी बाभळीच्या लाकडाचा एक तुकडा पुरावा म्हणून खाटेवर आणून ठेवला.

"हे बघ. वाळल्यालं. पाहुण्यासारखं बघून घे."

"वास घे बरं त्याचा."

"तूच घे की."

"मला वास येत न्हाई, गाढवा."

"मग मी सांगीन ते खरं. गुलाबाचा वास हाय."

मालक हसले. भाकरी मात्र अजून मातीच लागत होती.

काल्याच्या दिवशी आम्ही दिवस उगवायला मंदिरामागं गेलो. भागवतनं खुर्ची वाऱ्याच्या अंगाला मांडली होती, धूर दुसरीकडं जावा म्हणून. चरात जाळ रसरसला होता. खाजाभाई डोक्याला टॉवेल बांधून एक एक लाकूड सारत होते. चार तरणी पोरं डाव घेऊन उभी होती. मालकांनी मास्क लावला, नवं धोतर नेसलं आणि आमटीला बसायच्या आधी दरवर्षीसारखे हात पुढं केले. मी हातावर पाणी घालायचं, हीही आमची रीतच. फक्त या वर्षी पाणी कोमट होतं.

त्यांनी ओंजळ धरली. मी पाणी ओतलं. आणि ते थांबलं नाही.

एवढी वर्षं त्या हातात पाणी घातलंय. शेतात मोटेवर, लग्नात, दर काल्याला. त्या ओंजळीत पाणी तळ्यासारखं उभं राहायचं. आता बोटांमध्ये फटी पडल्या होत्या. पाणी चारी फटींतून खाली गळत होतं. मी तांब्या तसाच धरून उभी राहिले.

"झालं की," मालक म्हणाले. "का धोतर धुतीस?"

मी मागं झाले. सात ओंजळी. त्यांच्या डोक्यात सात ओंजळी पक्क्या होत्या, पण त्या सात ह्या हातांच्या नव्हत्या. आमटी अळणी होणार होती, आणि चाखून बघायची सोय नव्हती. आणि सोमवारचं त्या आमटीवर ठरलेलं होतं.

मी खाजाभाईंच्या मागं जाऊन बसले. "भाऊजी, त्यांची ओंजळ बारीक झालीय. मीठ कमी पडनार."

खाजाभाईंनी लाकूड सारायचं थांबवलं. त्यांनी मालकांच्या हाताकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सांग त्याला," ते म्हणाले.

"कसं सांगू? हात वाळला म्हनून सांगू? आज? तुमी सांगा की."

"मी सांगितलं तर डाव फेकून मारंल. आन तसाच घरला जाऊन झोपंल."

खाजाभाईंनी हातातलं लाकूड आत सारलं. डाळ घोटून झाली, मसाला पडला, काहील रटरटायला लागली. मालक डोळे मिटून कान देऊन बसले होते. "डावीकडं जाळ जास्त झाला, खाज्या," डोळे न उघडता म्हणाले. "पोरांनो, तळातनं ओढा. तळातनं." एकदम पहिल्यासारखा आवाज. मला वाटलं, हा आवाज मोडायचा तो मी मोडायचा? मी नाही मोडणार.

मग मीठ. तिन्ही पुड्या दरवर्षीसारख्या पितळेच्या परातीत ओतल्या होत्या. मालक खुर्चीवरून उठले, आदिनाथनं दंड धरला. पहिली ओंजळ गेली. दुसरी. तिसरी. पोरं मोजत होती. सातवी गेली आणि मालक हात झटकून खुर्चीवर बसले.

आता परातीत काय उरतं ते माझं असतं. दरवर्षी सात ओंजळींनंतर बरोबर एक मूठ उरते. ती मी पदराला बांधून घरी नेते आणि लोणच्यात घालते. एकतीस वर्षं एक मूठ. त्या दिवशी परातीत ढीग होता.

मालक पोरांना ढवळायचं सांगत होते. मी परात उचलली आणि सगळं मीठ पदरात ओतलं. पदर धरून काहिलीच्या पलीकडच्या अंगाला गेले, वाफेच्या आड. तिथून मालकांना दिसणार नाही असं मला वाटलं. पदराचं टोक सोडणार तेवढ्यात आवाज आला.

"चांगुणा. काय करतीस?"

"उरल्यालं मीठ घेतीय. दरवर्सासारखं."

"एवढं?"

पोरांचे डाव थांबले. पदर पोटाशी धरून मी उभी, आणि तो असा फुगलेला की लपवायला काही जागाच नव्हती.

"इकडं ये."

मी गेले. मालकांनी मास्क खाली ओढला, पदरात बघितलं. मग स्वतःचे दोन्ही हात जोडून ओंजळ धरली आणि तिच्यात बघितलं, जणू दुसऱ्या कुणाची आहे. बोटांच्या फटीतून खालचं धोतर दिसत होतं.

"येवढीच ऱ्हायली व्हय," ते म्हणाले.

काहील रटरटत होती. आदिनाथ दुसरीकडं बघायला लागला. मला वाटलं, संपलं. आता उठतील आणि घरी जातील, आणि सोमवारी आम्ही कुणी काही बोलायचं नाही.

"माझ्यापून लपवत हुतीस?"

"व्हय."

"मला फसवून आमटी जमवनार हुतीस?"

"व्हय," मी म्हणाले. "आन परत करावं लागलं तर परत करीन. तुमाला सोमवारी न्यायचंय मला."

चरातून खाजाभाईंचा आवाज आला. "कारभारी, हात आटलाय तुझा. तोंड काय आटलं न्हाई. लवकर बोल, जाळ कमी करू का ठिवू?"

एक पोरगं हसलं आणि घाबरून गप्प झालं. मालकांच्या छातीत काहीतरी खडखडलं. मला वाटलं खोकला आला. पण ते हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्याला पाणी आलं आणि ते त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसलं.

"ठिव जाळ," ते म्हणाले. "पदर नीट धर, चांगुणा. सांडशील."

त्यांनी माझ्या पदरातून ओंजळ भरली. फटींवर अंगठे दाबून धरले, कण सांडू नये म्हणून. आदिनाथनं धरून काहिलीपर्यंत नेलं.

"आठ," ते मोठ्यानं म्हणाले.

परत आले, परत भरली. "नऊ."

मग माझ्या पदरात बघितलं. एक मूठ उरली होती. बरोबर एक मूठ, दरवर्षीएवढी.

"झालं," मालक म्हणाले. "गाठ मार."

नैवेद्य दाखवला, आरती झाली, पंगत बसली. मालकांची खुर्ची आम्ही गर्दीपासून लांब चिंचेखाली नेली. ते पंगतीकडं पाठ करून बसले होते. आमच्याकडं पंगतीत मिठाचं ताट घेऊन एक जण फिरतो. आमटी अळणी असली की जागोजाग हात वर होतात. त्या दिवशी ताट भागवतकडं होतं. मालक कान लावून बसले. भाकरी कुस्करल्याचे, भुरके मारल्याचे आवाज येत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला होता, तो गार नव्हता.

भागवत आला, खाकरला.

"बोल की मुडद्या," मालक म्हणाले.

"आण्णा, ताट तसंच हाय. फकस्त साळूबाईनं मागितलं."

"साळूबाई?" मालक खुर्चीत वळले. "तिला तर बासुंदीतबी मीठ लागतं. ती धरायची न्हाई."

"मग कुनीच न्हाई, आण्णा. दुसरी काहील आसती तर तीबी संपली आसती."

पंकजानं ताट आणलं. मालकांनी भाकरी कुस्करली, वर आमटी ओतून घेतली, एक घास खाल्ला.

"कशी लागती?" मी विचारलं.

"माती."

"बरं."

"पन गरम माती हाय," ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला. सावकाश अर्धी भाकरी संपली. खाजाभाई समोर मांडी घालून बसले होते, त्यांनी ताटातला उरलेला कट बोटानं पुसून खाल्ला. मालकांनी त्यांच्याकडं बघितलं, आदिनाथकडं बघितलं.

"उद्या किती वाजता निघायचं?"

"सातला," आदिनाथ म्हणाला.

"टेम्पोत नको. पाठ मोडती. एसटीनं जाऊ."

घरी आल्यावर मी कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत 'काला' शब्दाखाली लिहिलं, 'ओंजळ ९'.

आठही डोस झाले. पाचव्याला पुन्हा भिंतीकडं वळले होते, तेव्हा खाजाभाईंनी तीन दिवस गिरणी बंद ठेवली आणि खाटेशेजारीच मुक्काम टाकला. चौथ्या दिवशी मालक कंटाळून उठले. मुंग्या अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. दर तीन महिन्यांनी नगरला तपासणी असते. त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात कुणाला नीट झोप येत नाही. आजवर तीनदा डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली आणि म्हणाले, सध्या काही नाही. सध्या हा शब्द ते कधी गाळत नाहीत. चव हळूहळू आली. पहिल्यांदा आंबट आलं, मग तिखट. गोड सगळ्यात शेवटी.

दवाखान्यात त्यांचं वजन काट्यावर करतात. परवा काल्याला मीही केलं, मिठावर. परातीत तीन पुड्या ओतल्या, मालक खुर्चीशिवाय उभे होते, दंड धरायला कुणी नव्हतं. मी पदर घेऊन शेजारी. खाजाभाई चरातून मान वर करून बघत होते.

सात झाल्या. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी परातीकडं बघितलं.

"आजून एक," मी म्हणाले.

त्यांनी आठवी टाकली. परातीत एक मूठ उरली.

"पुढल्या वर्सी सात," मालक म्हणाले.

"लवकर खा मग," चरातून खाजाभाई ओरडले. "गिरनीवर तुझं दळान पडलंय दोन दिवस झालं."